शेऱ्यांचा रकाना

तार्तूमध्ये डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो
आणि आमचा वर्ग सव्वाचारला,
त्यामुळे खिडकीचे पडदे ओढायचे ते केवळ रीत म्हणून.
अभ्यासक्रमाचं नाव साधंच: तोमिंगास, एक ते सात.
सात चित्रपट, चौदा आठवडे,
आणि प्रत्येकाला चार रकान्यांची एक वही.
शॉट क्रमांक. सेकंद. काय दिसतं. शेरा.

शेरा शेवटी, म्हणतात हेल्वी लाने बाई.
आधी मोजा. मोजल्याशिवाय आवडलं म्हणायचं नाही.
मी मोजायला शिकले.
दार उघडतं, एकोणीस. बाई उंबऱ्यात थांबते, चौतीस.
मग सवय सुटेना.
स्टँडवर मार्गुसने निरोपाचा हात वर केला, खाली आणला:
तीन.

तिसरा चित्रपट, शॉट एकशे बारा.
अकरा घोडे टेकाडावरून उतरतात
आणि पांढऱ्याशुभ्र शेतातून उधळत जातात.
दोन मिनिटं आठ सेकंद, कुठेही कट नाही.
जुलैत पडलेलं बर्फ, असं बाईंच्या पुस्तकात आहे.
शेवटी उजव्या कोपऱ्यातून एक कुत्रं येतं,
थबकतं, सरळ आपल्याकडे बघतं,
निघून जातं.
त्या कुत्र्यावर बाईंची साडेनऊ पानं आहेत.
आमचाही तास त्यातच गेला.
साक्षीदार, म्हणाला ओत्त.
इतिहास, म्हणाली पिरेत, ज्याला कुणी हाक मारत नाही.
मी गप्प.
ते बर्फ नव्हतं. बटाट्याची फुलं होती.
आमच्या बटाट्याची.

म्हणजे कार्सिलात, आजोबांच्या परसातली.
बाकी सगळी जमीन सामुदायिक शेतीत गेल्यावर
घराला राहू दिलेला तेवढाच तुकडा.
अध्यक्षांनी परस्पर होकार दिला.
तीनदा उतरले घोडे.
पहिल्यांदा ऊन गेलं, दुसऱ्यांदा एक घोडा बसला,
तिसऱ्यांदा जमलं, आणि तोमिंगास रडला म्हणतात.
भरपाई म्हणून एक शिक्क्याचा कागद
आणि आटवलेल्या दुधाचे सहा डबे.
तोंडाला पानं पुसली, बाबा म्हणतात. ते तेव्हा सहा वर्षांचे.
दूध गोड होतं, हेही म्हणतात.

लेइदा आत्या तेव्हा चौदाची.
तिने तो चित्रपट कधी पाहिला नाही. हट्टाने.
नाताळात मी लॅपटॉप घेऊन गेले,
तिला शेकोटीजवळ बसवलं, एकशे बारा लावला.
ती उठून जाईल, अशी मनाची तयारी होती.
घोडे उतरले. ती टाके मोजत होती, विणकामाचे.
फुलं चिरडली. ती मोजत होती.
मग एकदम पुढे वाकली,
पडद्याला नाक लागेल इतकी.

अगं, मुरी.

मागे घे, म्हणाली. घेतलं.
डावा कान बघ, रानडुकराने फाडलेला.
आपल्याकडे कुठला बघतोय, माझ्याकडे बघतोय.
मी तिथे उभी होते, त्या यंत्राच्या मागे,
आणि जीव तोडून हाका मारत होते,
घोड्यांखाली येईल म्हणून.

आवाज वाढव, म्हणाली.
वाढवला.
तिच्या हाकेच्या जागी व्हायोलिन होतं.

नऊ वेळा पाहिलं आम्ही.
सातव्यांदा ती म्हणाली, घोडे मात्र देखणे होते हं.
आणि मला बरं वाटलं, नि बरं वाटल्याची लाज वाटली,
कारण तो शॉट मला अजून आवडतो.
बटाटे कळल्यावरही. मोजून झाल्यावरही.

परीक्षेत मी उजेडाबद्दल लिहिलं, भिंगाबद्दल लिहिलं,
कुत्र्याबद्दल बाईंचंच बाईंना परत दिलं.
फक्त वहीत, एकशे बाराच्या ओळीत,
चौथ्या रकान्यात, एवढंच:
मुरी. हाक ऐकून आला.

वही परत मिळाली तेव्हा
त्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
संदर्भ?